मेंदूला उधारी चालत नाही

आरोग्याचा पाठ : ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी



मागच्या बैठकीत एका ताईनं तिच्या घरची गोष्ट सांगितली. तिच्या परवानगीनं, नाव न घेता, तीच इथे सांगते.

एकादशीचा दिवस. ताईचे सासरे शुगरची गोळी घेणारे. सकाळी नेमानं गोळी घेतली, वर कपभर चहा घेतला आणि शेतात गेले. उपास म्हणून दुसरं काहीच खाल्लं नाही. अकरा-साडेअकराच्या सुमारास ते बांधावर बसले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. ताई पाणी घेऊन गेली तर तिला भलत्याच नावानं हाक मारली, पाण्याचा तांब्या ढकलून दिला, काहीतरी अडखळत बोलायला लागले. शेजारच्या शेतातली माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं ऊन लागलं. कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी दिसतंय. एकानं तर हळूच म्हटलं, "सकाळी सकाळीच घेतलीय वाटतं." गळ्यात माळ घातलेला माणूस, जन्मात दारूला शिवला नाही!

तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "शुगरची गोळी घेतात का? आणि आज सकाळी काय खाल्लं?" उत्तर ऐकताच त्यांनी पेल्यात तीन-चार चमचे साखर विरघळवून आणायला सांगितली. मामंजी जागे होते, गिळू शकत होते, म्हणून घोट घोट पाजली. पंधरा-वीस मिनिटांत मामंजींनी नीट डोळे उघडून विचारलं, "बैलं सोडली का?"

ताई म्हणाली, "मला एकच कळलं नाही. साखर कमी झाली रक्तातली, मग डोकं का फिरलं? हातपाय तर शाबूत होते."

प्रश्न अगदी नेमका आहे. आजचा पाठ त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

मेंदूचा रोजचा खर्च

मोठ्या माणसाचा मेंदू वजनानं सव्वा किलोच्या आसपास. म्हणजे आपल्या वजनाच्या साधारण २ टक्के. पण आपण नुसते बसलेलो असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्यातली जवळपास २० टक्के हा एकटा मेंदू खातो. पन्नास माणसांच्या पंगतीत एकच माणूस दहा जणांचं जेवण जेवतो, असं समजा.

एवढं लागतं कशाला? मेंदूत अंदाजे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना सतत निरोप पाठवत असतात. निरोप जातो तो बारीकशा विजेच्या लहरीसारखा. ही वीज तयार राहावी म्हणून प्रत्येक पेशीला क्षार आत-बाहेर करत राहावं लागतं. विहिरीवरची मोटार जशी वीज खाते, तसं हे पंपाचं काम ऊर्जा खातं. आणि हा पंप बंद करायची सोय नाही. आपण झोपलो तरी श्वास, हृदय, अंगाची ऊब, स्वप्नं, सगळं चालू असतं. म्हणून रात्रीही मेंदूचा खर्च थोडासाच कमी होतो.

या पंपाचं इंधन म्हणजे ग्लुकोज. ग्लुकोज ही एक साधी साखर आहे. पण ती मिळवायला साखरच खावी लागते असं नाही. भाकरी, भात, पोळी, बटाटा, डाळ यांत जे पिष्ट असतं, ते पोटात गेल्यावर तुटून ग्लुकोजच होतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो ना? ते तुटणं तोंडातच सुरू झालेलं असतं.

मोठ्या माणसाच्या मेंदूला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. म्हणजे तासाला जवळपास ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. दिवसा एक चमचा, रात्री एक चमचा, दर तासाला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

हातातली रोख आणि बँकेतली बचत

आता हिशेब मांडू. आपण गटाच्या बायका आहोत, हिशेबाला घाबरत नाही.

हातातली रोख म्हणजे रक्तातलं ग्लुकोज. निरोगी मोठ्या माणसाच्या शरीरात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती? फक्त ४ ते ५ ग्रॅम. म्हणजे तोच एक चमचा. मेंदूचा एका तासाचा खर्च आणि हातातली सगळी रोख सारखीच! आणि या रोखीतून बाकीच्या शरीरालाही द्यायचं असतं. म्हणून रक्तात साखर सतत कुठून तरी येत राहावी लागते.

बँकेतली बचत म्हणजे यकृत. आपण लिव्हर म्हणतो ते. बोकडाची कलेजी म्हणतो, तोच अवयव. जेवल्यावर जास्तीचं ग्लुकोज यकृत साठवून ठेवतं. मोठ्या माणसात हा साठा साधारण ८० ते १०० ग्रॅमचा. रात्री जेवून झोपलो की सकाळपर्यंत यकृत या साठ्यातून थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं. पण पुढे काहीच खाल्लं नाही, तर हा साठा साधारण एका दिवसात संपत येतो.

स्नायूंतही साठा असतो, आणि तो यकृतापेक्षा मोठा असतो. पण तो स्नायूंच्या स्वतःच्या कामासाठी. स्नायू आपली साखर परत रक्तात सोडू शकत नाहीत. शेजारणीच्या कुलूपबंद पेटीतले पैसे, आपल्या गरजेला उपयोग नाही.

आणि मेंदूची स्वतःची बचत किती? जवळजवळ नाहीच. नावाला थोडासा साठा असतो, तो काही मिनिटांपुरता. घरातला सगळ्यात खर्चिक माणूस, पण त्याच्या कनवटीला दमडी नाही. रोज, दर तासाला, रक्तानं आणून दिलं तरच त्याचं चालतं. म्हणूनच म्हटलं, मेंदूला उधारी चालत नाही.

चरबी आहे की अंगावर!

कुणीतरी म्हणेल, "ताई, माझ्या अंगावर चरबीचा एवढा साठा आहे, तो कधी कामाला येणार?" बरोबर आहे. हातपाय आणि हृदय चरबीवर छान चालतात. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक बारीक पडदा आहे. भलतंसलतं काही मेंदूत जाऊ नये म्हणून तो राखण करतो. ग्लुकोजला त्या पडद्यातून जायला स्वतःची दारं आहेत. चरबी मात्र मेंदू सरळ जाळू शकत नाही.

मग उपाशी माणसाचा मेंदू चालतो कसा? शरीराकडे दोन वाटा आहेत.

पहिली वाट, नवीन साखर बनवणं. यकृत हे काम करतं. पण कच्चा माल हवा. तो बराचसा येतो स्नायूंमधल्या प्रथिनांतून. म्हणजे मेंदूला खाऊ घालण्यासाठी शरीर आपलाच मांसल भाग मोडतं.

दुसरी वाट, चरबीपासून कीटोन नावाचं दुसरं इंधन बनवणं. ते मेंदूला चालतं. १९६७ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या संशोधकांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कित्येक आठवडे उपाशी राहिलेल्या माणसांवर हे मोजून दाखवलं. इतक्या लांबच्या उपासात मेंदूचा निम्म्याहून अधिक खर्च कीटोनवर भागत होता. पण ही वाट नीट रुळायला काही दिवस लागतात. आणि तेव्हाही उरलेला वाटा ग्लुकोजचाच लागतो.

म्हणजे निरोगी मोठ्या माणसाचं एखादं जेवण चुकलं, एक दिवसाचा उपास केला, तर मेंदू बंद पडत नाही. शरीर हप्ता भरतंच. हे नीट समजून घ्या, उगाच घाबरायचं नाही. घाबरायचं तिथे, जिथे बचत लहान आहे, किंवा औषधामुळे, दारूमुळे, आजारामुळे बँकेचं दार बंद झालं आहे.

आधी सूचना, मग जप्ती

रक्तातली साखर तपासली की आकडा येतो. उपाशीपोटी साधारण ७० ते १०० हा निरोगी आकडा. शुगरची औषधं घेणाऱ्या माणसात ७० च्या खाली गेला की सावध व्हायचं. ५४ च्या खाली गेला तर धोका.

साखर कमी होऊ लागली की शरीर आधी सूचना देतं. घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, एकदम कडकडून भूक लागते, तोंड पांढरं पडतं. ही सूचना ऐकून माणसानं खाल्लं तर प्रश्न मिटतो.

नाही ऐकली, तर पुढची पायरी मेंदूची. त्याचं इंधनच तुटलं. मग माणूस गोंधळतो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही, जीभ अडखळते, उगाच चिडतो, रडतो, मारायला धावतो, डोळ्यांपुढे अंधुक होतं, झापड येते. त्याहून खाली गेलं तर झटके येतात, शुद्ध हरपते. वेळेत साखर मिळाली नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. हातापायांना चरबीवर ढकलता येतं. मेंदूला येत नाही. म्हणून साखर कमी झाली की आधी डोकं फिरतं. आणि म्हणूनच लोक त्याला दारू, ऊन, बाहेरची बाधा, नाहीतर म्हाताऱ्याचा तऱ्हेवाईकपणा समजतात. यात वेळ जातो. मेंदूकडे तेवढा वेळ नसतो.

एक गोष्ट आणखी. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या माणसांत ती पहिली सूचना बोथट होते. घाम-थरथर काही न होता सरळ गोंधळ सुरू होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही छातीची धडधड जाणवत नाही. अशा माणसाच्या घरच्यांनीच डोळा ठेवायचा.

मुझफ्फरपूरची पहाट

आता एक खरी घडलेली गोष्ट. आपल्यापासून लांबची, पण प्रत्येक आईनं ऐकावी अशी.

बिहारमधला मुझफ्फरपूर जिल्हा लिचीसाठी प्रसिद्ध आहे. मे-जूनमध्ये लिची पिकते. त्याच दिवसांत तिथे कित्येक वर्षं लहान मुलं अचानक आजारी पडत होती. संध्याकाळपर्यंत हसतखेळत असलेलं मूल पहाटे किंचाळून उठायचं, झटके यायचे, बेशुद्ध व्हायचं. तिथे लोक या आजाराला "चमकी" म्हणतात. जंतूंचा मेंदूज्वर असेल, फवारणीचं औषध असेल, उष्मा असेल, असे अनेक अंदाज झाले.

२०१४ साली दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रानं अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्राच्या मदतीनं बारकाईनं तपास केला. त्या एका मोसमात तिथल्या दोन रुग्णालयांत ३९० मुलं दाखल झाली होती. त्यांतली १२२ दगावली. ३२७ मुलांची साखर तपासली, तेव्हा २०४ मुलांची ७० किंवा त्याहून खाली निघाली. जंतुसंसर्गाची खूण मात्र सापडली नाही. मग आजारी मुलांची आणि धडधाकट मुलांची तुलना केली. दोन गोष्टी पुढे आल्या. आजारी मुलांनी लिची खाल्लेली होती. आणि त्यांतली बरीच मुलं रात्रीचं जेवण न करता झोपली होती.

असं का व्हायचं? गरिबाघरची लहान, अशक्त मुलं दिवसभर बागेत असायची. खाली पडलेल्या लिच्या खाऊन पोट भरायचं, आणि संध्याकाळी न जेवताच झोप लागायची. लहान मुलाचं यकृत लहान, त्यातून कुपोषण. बचत आधीच तुटपुंजी. मध्यरात्रीनंतर ती संपायची. अशा वेळी शरीर नवीन साखर बनवायला आणि चरबी जाळायला घेतं. पण लिचीत दोन घटक असे आहेत, की ते चरबी जाळण्याचं काम अडवतात, आणि त्यामुळे नवीन साखर बनणंही थांबतं. कच्च्या लिचीत आणि बीमध्ये ते जास्त असतात. म्हणजे रोख संपली, बचत संपली, आणि कर्जाची दोन्ही दारंही बंद. पहाटे मेंदूचं इंधन तुटायचं.

पोटभर जेवणाऱ्या मुलानं चार पिकलेल्या लिच्या खाल्ल्या तर काही होत नाही. तीच लिची, तोच घटक. फरक होता तो रात्रीच्या ताटाचा.

हा अभ्यास २०१७ साली छापून आला. वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनीही आपल्या सहकाऱ्यांसह हीच दिशा दाखवली होती. उष्मा आणि इतर कारणांचाही वाटा असावा, असं काही डॉक्टरांचं मत आजही आहे. पण उपाय म्हणून जे सांगितलं गेलं, ते साधं होतं. मुलाला रात्री जेवू घातल्याशिवाय झोपवू नका, लिची कमी खाऊ द्या, आणि झटके आलेलं मूल दवाखान्यात आलं की लगेच त्याची साखर तपासून ग्लुकोज द्या. त्यानंतरच्या मोसमांत आजारी मुलांची संख्या खूप घटली. २०१९ साली मात्र पुन्हा शंभराहून अधिक मुलं गेली. सांगितलेली गोष्ट दरवर्षी सांगत राहावी लागते, हाही त्यातला धडा.

आपल्याकडे लिचीच्या बागा नाहीत. पण न जेवता झोपणारी मुलं आहेत. ऊसतोडीच्या कोपीवर, वीटभट्टीवर, कापूस वेचून उशिरा घरी येणाऱ्या आईची वाट बघत डोळा लागलेली मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आपल्यातल्या कित्येकींच्या घरचीच आहेत.

मुलाचा मेंदू मोठ्यांपेक्षा खादाड असतो, हेही ध्यानात घ्या. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजलं, की साधारण पाच वर्षांच्या मुलाच्या संपूर्ण दिवसाच्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा एकटा मेंदू खातो. या वयात मेंदू घडत असतो. म्हणून झोपलेल्या मुलाला उठवून चार घास भरवणं हा लाड नाही. तो त्याच्या मेंदूचा रात्रीचा शिधा आहे.

आपल्या घरात कुणाला जपायचं

मधुमेहाची औषधं घेणारी माणसं. इन्सुलिन घेणारे, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणारे. ही औषधं साखर खाली आणतात, मग माणूस जेवलेला असो वा नसो. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर सहसा फार खाली जात नाही, पण बऱ्याच गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात. पाकीट आशाताईला दाखवा, विचारून घ्या. श्रावण, नवरात्र, एकादशी, रोजे, काहीही धरायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. गोळी घेऊन जेवण टाळायचं नाही, आणि आपल्या मनानं गोळीही बंद करायची नाही. म्हातारी माणसं, मूत्रपिंडाचा त्रास असलेली माणसं यांना जास्त जपा.

नुकतं जन्मलेलं बाळ. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते. म्हणून पहिल्या तासाच्या आत अंगावर पाजायचं. मध, गुळाचं पाणी, घुटी नको. कमी वजनाच्या बाळाला तर दर दोन-तीन तासांनी पाजायचं, झोपलं असेल तरी उठवून. बाळ ओढत नसेल, सुस्त पडलं असेल, थरथरत असेल तर वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा.

लहान आणि अशक्त मुलं. रात्रीचं जेवण चुकवायचं नाही. आजारी मूल खात नसेल तर थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यायचं.

उपाशीपोटी दारू पिणारा माणूस. दारू पोटात असताना यकृत नवीन साखर बनवू शकत नाही. पडलेला माणूस "उतरेल की सकाळपर्यंत" म्हणून सोडून देऊ नका. हाक मारून, हलवून जागा होतोय का बघा. नाही झाला तर १०८ ला फोन करा.

साखर कमी झाली तर काय करायचं

वहीत लिहून घ्या, आणि घरातल्या पोरांनाही शिकवा.

१. माणूस जागा आहे आणि गिळू शकतो, तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून द्या. साखर नसेल तर गूळ पाण्यात कालवून द्या. पेढा, चॉकलेट, बिस्किट आधी नको. त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुगर-फ्रीच्या गोळीचा काही उपयोग नाही.

२. पंधरा मिनिटं थांबा. आशाताईकडे तपासायचं यंत्र असेल तर तपासा. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच साखर द्या.

३. बरं वाटलं की पोळी, भाकरी, भात, असं काहीतरी पोटभर खायला द्या. नाहीतर साखर पुन्हा उतरते.

४. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्यांचा जोर बराच वेळ राहतो. सकाळी सावरलेला माणूस संध्याकाळी पुन्हा पडू शकतो. आपल्या ताईनंही मामंजींना दुपारीच दवाखान्यात नेलं. गोळीचा डोस बदलून मिळाला.

५. माणूस बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, चमचा नाही. ते श्वासनळीत जाऊ शकतं. कुशीवर वळवून झोपवा, १०८ ला फोन करा, आणि "शुगरचा पेशंट आहे" हे आवर्जून सांगा.

६. साखर कमी आहे की जास्त हे कळत नसेल, आणि माणूस जागा असेल, तर साखर द्या. जास्त असलेली साखर अर्ध्या पेल्यानं थोडीच वाढेल. कमी असेल आणि दिली नाही, तर मात्र जीवावर बेतेल.

शुगरची औषधं घेणाऱ्याच्या खिशात, शेताच्या पिशवीत, प्रवासात साखरेची पुडी असायलाच हवी. खर्च रुपया-दोन रुपयांचा.

याचा अर्थ साखर खा असा नाही

पाठ ऐकून कुणी म्हणेल, मेंदूला साखर लागते, तर परीक्षेच्या पोराला ग्लुकोजचा डबा आणते. नको. डोकं लावून अभ्यास केला म्हणून मेंदूचा खर्च फारसा वाढत नाही. नुसती साखर रक्तात पटकन चढते आणि पटकन उतरते. भाकरी, डाळ, उसळ, भाजी हळूहळू पचते आणि तासन् तास थोडं थोडं ग्लुकोज देत राहते. एकदम आलेल्या रकमेपेक्षा दर आठवड्याची ठरलेली बचत बरी, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पोराला सकाळी भाकरी-उसळ खाऊ घालून शाळेत पाठवा, तेवढं पुरे.

दुसरं, चक्कर आली की प्रत्येक वेळी साखरच कमी असते असं नाही. चूल पेटायला लाकडाबरोबर वारा लागतो, तसं ग्लुकोज जळायला प्राणवायू लागतो. तो रक्तातलं हिमोग्लोबिन वाहून आणतं. आपल्यात रक्त कमी असलेल्या बायका खूप. इंधन आहे पण वारा नाही, अशी गत. उन्हात पाणी कमी पडलं तरी चक्कर येते. म्हणून नेहमी गरगरत असेल तर साखर फाकत बसू नका, उपकेंद्रात हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या.

आणि आपलं ताट?

शेवटी आपल्याकडे वळू. पहाटे पाचला उठायचं, सगळ्यांचे डबे, पाणी, शेण, धुणं, मग शेत किंवा मजुरी. पहिला घास अकराला. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं. कालवण संपलं तर चटणीवर.

तरी आपण चालतो, बोलतो, हिशेब लिहितो, गटाचं व्याज तोंडी काढतो. म्हणजे मेंदूला त्याचा चमचा मिळतोय. पण तो येतोय कुठून? वर पाहिलं ना, साठा संपला की शरीर स्नायू मोडून साखर बनवतं. एखाद्या दिवशी झालं तर भरून निघतं. वर्षानुवर्षं ताटात कमीच पडलं, डाळ-उसळ आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही, तर जे मोडलं ते भरून येत नाही. "हल्ली कळशी उचलवत नाही" असं चाळिशीत म्हणायची वेळ येते, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

गटात आपण काय शिकलो? बचत आधी, खर्च मग. मुद्दल खाऊन घर चालवायचं नाही. तोच नियम स्वतःच्या शरीराला लावा. सकाळी कामाला लागताना रात्रीची अर्धी भाकरी आणि दूध, नाहीतर मूठभर शेंगदाणे-गूळ, पोटात घालून मगच बाहेर पडा. शुगर असलेल्या बहिणींनी गूळ टाळून भाकरी खावी. आणि रात्री सगळ्यांच्या बरोबर बसा. निदान आठवड्यातून दोन दिवस तरी सुरुवात करून बघा. सासूबाई रागावल्या तर हा पाठ त्यांनाही वाचून दाखवा. त्याही आयुष्यभर शेवटीच जेवल्या आहेत.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटातल्या कुणाच्या घरी शुगरची औषधं चालू आहेत? गोळी कोणती, उपासाच्या दिवशी काय करतात, आणि साखरेची पुडी जवळ असते का?

२. आपल्या वस्तीवर रात्री न जेवता झोपणारी मुलं आहेत का? आई कामावरून उशिरा येते तेव्हा त्यांना चार घास कोण देऊ शकेल? गट म्हणून काही ठरवता येईल का?

३. मागच्या आठवड्यात आपण किती वेळा सगळ्यात शेवटी जेवलो? प्रत्येकीनं खरं सांगायचं.

४. "घाम, थरथर, भलतंच बोलणं" दिसलं तर पहिले दोन प्रश्न कोणते विचारायचे? सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणा : शुगरची गोळी घेतात का? आज काय खाल्लं?

हे दोन प्रश्न पाठ झाले, तर आजचा पाठ झाला.